पुठ्ठ्यावरचे दोन खळगे

"बाई, तुम्ही बसत का नाही?"

खिडकीपाशी उभं राहून बाई अपूर्णांकांची बेरीज समजावून सांगत होत्या. दोन सप्तमांश झाले होते, त्यात तीन सप्तमांश मिळवायचे होते, आणि तेवढ्यात मधेच हा प्रश्न आला.

"उभं राहून शिकवायची सवय लागलीय गं. शाळेत समोर चाळीस मुलं असायची. बसलं की मागचा बाक दिसायचा नाही."

"इथे कुठाय मागचा बाक? मी एकटीच तर आहे."

"वकील, गणिताकडे बघ," आतून आत्याचा आवाज आला.

दहा वर्षांच्या त्या मुलीला घरात सगळे वकीलच म्हणत. कुठलीही गोष्ट ती पुराव्याशिवाय मान्य करत नसे. तिचे पाय जन्मापासून चालत नव्हते, त्याची कसर जिभेनं भरून काढली होती. चाकांच्या खुर्चीत ताठ बसून ती समोरच्याची उलटतपासणी घेई, आणि समोरचा बहुतेक वेळा हरत असे.

तिनं बेरीज केली, उत्तर बरोबर लिहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मला माहितेय. तुम्हाला जायची घाई असते. बसलं की उठायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही बसत नाही."

बाई हसल्या, "घाई कसली गं," म्हणाल्या आणि पुढचं उदाहरण घातलं. पण बसल्या मात्र नाहीत. बसणं त्यांना शक्यच नव्हतं.

त्याचं कारण बाहेर कुंपणाला टेकून उभं होतं.

शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवायचं, हे बाईंचं गेल्या सहा वर्षांपासूनचं काम. त्यांच्याकडे तीन मुलं होती. दोन गावातच, हाकेच्या अंतरावर. तिसरी ही वकील, नऊ किलोमीटरवर, कालव्याच्या पलीकडे, खोक्यांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत. बस पुलापर्यंत येई आणि तिथूनच तोंड फिरवून परत जाई, पुढचा लांबचा रस्ता तसाच उरे. म्हणून बाई आठवड्यातून तीनदा सायकलनं येत. जाऊन येऊन अठरा किलोमीटर.

बाई अंगानं थोराड होत्या. थोराड हा शब्द त्यांच्या नवऱ्याचा. लोक दुसरे शब्द वापरत, आणि बाईंना ते सगळे पाठ होते. लहानपणापासून त्यांनी एक युक्ती साधली होती. कुणी काही बोलायच्या आत आपणच आपल्यावर विनोद करायचा, म्हणजे समोरच्याच्या हातातली काठी आपल्याच हातात येते. "मी आले की वर्गात गर्दी होते," असं म्हणून त्या आधी हसत, मग इतर हसत, आणि वेळ निभावून जाई.

पण सायकलच्या सीटवर विनोद चालत नाही.

दुखणं गेल्या वर्षी सुरू झालं. आधी नुसतं अवघडायचं, मग टोचायला लागलं, मग घरी पोचल्यावर उतरताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. दुखण्याची जागा अशी की डॉक्टरांनाही सांगायची चोरी. बाईंनी स्वतःशीच हिशोब मांडला, की शरीर मोठं तर सीटही मोठी हवी, आणि दुखतंय तर मऊ हवी. बाजारातल्या मोठ्या दुकानात त्या गेल्या.

दुकानदारानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यात वरच्या फळीवरची सीट काढली. "ताई, ही न्या. खाली स्प्रिंगा, वर चार बोटं फोम. हिच्यावर हत्ती..." आणि तो थांबला.

"बसला तरी चालेल!" बाईंनीच वाक्य पुरं केलं आणि मोठ्यानं हसल्या. दुकानदार सुटल्यासारखा हसला.

ती सीट चांगली हातभर रुंद वाटायची. पहिले दोन दिवस बाईंना सिंहासन मिळाल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मांड्या घासून लाल झाल्या. आठवड्यानं जुनं दुखणं परत आलं, आणि येताना भावंडं घेऊन आलं.

मग नवरा मदतीला धावला. त्याची चष्म्यांच्या दुकानात नोकरी होती. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर तो मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर जेवायला यायचा नाही. त्या माणसानं बायकोसाठी मात्र डोळे मिटून जुनी गादी कापली, तिचे तीन थर एकावर एक शिवले आणि वर खोळ घातली.

"बसून बघ. ढगावर बसल्यासारखं वाटेल."

"ढगावर बसायला माणूस हलकं लागतं हो," बाई म्हणाल्या.

"तू बस तर खरी."

ढगही बसला. आठ दिवसांत त्याचा नुसता खड्डा उरला. नवऱ्यानं चौथा थर लावला. दुखणं वाढलं. बाईंनी पोटऱ्या दुखतात असं सांगायला सुरुवात केली, कारण त्या बिचाऱ्यानं सुई टोचून बोटं लाल करून घेतली होती, आणि पाचव्या थराची तयारी चालवली होती.

तर अशा त्या बाई नऊ किलोमीटर येऊन खिडकीपाशी उभ्या राहत. खुर्ची समोर असे, आत्या ती पुसून ठेवी, पण टेकण्याच्या कल्पनेनंही अंगावर काटा येई.

"तुम्हाला जायची घाई असते." हे वाक्य त्या रात्री बाईंबरोबर घरी आलं. आपण जिच्यासाठी एवढ्या वेदना सोसतो, तिला वाटतंय की आपण पळायला टपलोय! त्यांना राग यायला हवा होता, पण आली ती लाज. अशा अर्ध्या मनानं शिकवण्यापेक्षा दुसऱ्या कुणी धडधाकट माणसानं शिकवलेलं बरं, असं त्यांना वाटलं. वसंतात शहरातल्या मोठ्या शाळेची परीक्षा होती. तिथे नुकतीच चाकांच्या खुर्चीसाठी उतरण बांधली होती. वकील पास झाली तर आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसणार होती. चार महिने उरले होते.

बाईंनी अर्ज लिहिला. 'प्रकृतीच्या कारणास्तव कालव्यापलीकडील विद्यार्थिनीचे काम अन्य शिक्षकाकडे द्यावे, ही विनंती.' कचेरीचा नियम असा की अर्जाला प्रत जोडल्याशिवाय हातही लावायचा नाही. म्हणून खाली कार्बन घालून पातळ कागदावर प्रतही काढली. दुसरं कुणी तिकडे जायला तयार होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी तीन जणांनी नाही म्हटल्यावरच हे काम त्यांच्याकडे आलं होतं. तरीही अर्ज पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी परतताना कचेरीत द्यायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाई सायकलवरून कशाबशा उतरल्या. चार थरांची गादी अर्ध्या रस्त्यात एका बाजूला कलंडली होती आणि उरलेला रस्ता त्यांनी तिरकं बसून काढला होता. दारातून आत येताना त्यांनी चौकट धरली आणि तोंडातून "आई गं" निघून गेलं.

वकिलानं आपली खुर्ची पुढे आणली. "कुठे दुखतंय?"

"काही नाही. गुडघा."

"गुडघा दुखला की माणूस बसतो. तुम्ही उभ्या राहता." तिनं आत्या स्वयंपाकघरातच आहे ना, हे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "बसायच्या जागी दुखतंय ना? बाई, लाजू नका. बसणं हे माझं कामच आहे. मी सकाळपासून रात्रीपर्यंत तेच करते. मला दोन वर्षांपूर्वी तिथेच जखम झाली होती. तीन महिने पालथी झोपून होते मी."

बाईंना ते माहीत होतं. त्या तीन महिन्यांत पलंगाशेजारी जमिनीवर बसून त्यांनी तिला पाढे शिकवले होते. पण या दोन गोष्टींची त्यांनी कधी सांगडच घातली नव्हती.

"हो गं," त्या म्हणाल्या. "तिथेच दुखतं. एक वर्ष झालं."

घराबाहेर कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि ते एका दहा वर्षांच्या मुलीला. बाईंना एकदम हलकं वाटलं.

"सीट कसली आहे?"

"खूप मऊ. वर आमच्या घरची गादी पण बांधलीय."

"हात्तिच्या!" वकिलानं कपाळाला हात लावला. "माझी जखम मऊ गादीनंच झाली होती. काकांनी हौसेनं आणली होती. मऊ असलं की माणूस आत रुततो, मग नको तिथे दाब येतो. दवाखान्यातल्या खुर्चीवाल्या दादांनी सांगितलं, बसायची दोन हाडं असतात, आधी ती कुठे आहेत ते शोधायचं, मग गादीचं बघायचं. मला त्यांनी एका निळ्या चटईवर बसवलं होतं. जिथे दाब जास्त तिथे पडद्यावर लाल रंग दिसायचा. तुमची हाडं कुणी मोजलीत का?"

"माझं लोक वजन करतात, बाळ. हाडं कोण मोजणार?"

हा विनोद होता. वकील हसली नाही.

"मी मोजते. आपल्याकडे चटई नाही, पण बाबांचा पुठ्ठा आहे. आत्या, खोक्याचा पुठ्ठा दे! आणि कडक स्टूल!"

बाबा खोक्यांच्या कारखान्यात, त्यामुळे घरात आणखी काही असो वा नसो, पुठ्ठ्याला तोटा नव्हता. आत्यानं एक चौकोन आणून दिला, एकदा भाचीकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि काही न विचारता परत आत गेली. शहाणी बाई होती.

स्टुलावर पुठ्ठा आला. "बसा. पूर्ण वजन टाका. पाय या पाटावर ठेवा, गुडघे वर आले पाहिजेत. आता जरा पुढे वाका. उठू नका, मी तीसपर्यंत मोजते."

"पूर्ण वजन टाका," असं बाईंना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लोकांच्या घरी त्या नेहमी अर्धं वजन पायांवर तोलून, खुर्चीच्या कडेला टेकत. त्यांनी डोळे मिटले आणि बसल्या. दुखलं. पण तीसपर्यंतच दुखायचं आहे हे माहीत असलं, की दुखणं शहाण्यासारखं वागतं.

उठून पाहिलं तर पुठ्ठ्यावर काहीच नाही. नुसत्या दोन अंधूक सावल्या.

"थांबा. नाणं!" वकील म्हणाली.

पहिलीत असताना बाईंनी तिला नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायला शिकवलं होतं. कागदावर हळूहळू नाण्याचा चेहरा उमटलेला पाहून ही मुलगी किंचाळली होती. मग घरातलं प्रत्येक नाणं, बटण, किल्ली, अगदी आत्याचं लाटणंसुद्धा कागदावर उतरलं होतं.

तिनं वहीचं पान फाडून पुठ्ठ्यावर घासून पाहिलं. "पान जाड आहे. नाण्याच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, पातळ कागद हवा. आहे तुमच्याकडे?"

पिशवीत पातळ कागद एकच होता.

बाईंचा हात पिशवीत गेला, थांबला, आणि मग ती प्रत घेऊन बाहेर आला. "कोऱ्या बाजूवर कर. दुसरीकडे... कच्चं काहीतरी लिहिलंय. तिकडे लक्ष देऊ नकोस."

"बरं," वकील म्हणाली आणि कामाला लागली.

पेन्सिल फिरत गेली तशा पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा कागदावर रेघारेघांनी उठू लागल्या, नांगरलेल्या शेतासारख्या. आणि त्या रेघांच्या मधोमध, जिथे पुठ्ठा दबला होता तिथे पेन्सिल टेकलीच नाही. दोन कोरे लंबगोल राहिले. अगदी शेजारी शेजारी, दोन लहान अंड्यांसारखे.

वकिलानं पट्टी ठेवली. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. पुन्हा ठेवली. मग वर पाहिलं.

"तेरा सेंटिमीटर. बाई, दादांच्या तक्त्यात होतं, वयानं मोठ्या बायकांचं साधारण अकरा ते चौदा असतं. तुमचं एकदम साधं आहे!"

बाई त्या दोन खळग्यांकडे पाहत राहिल्या. आयुष्यभर आपल्याला वाटत आलं, की आपण आतपासून बाहेरपर्यंत वेगळ्याच मापाच्या आहोत. आणि आत ही दोन हाडं निमूटपणे, चारचौघींसारखी, आपल्या जागी बसून होती.

"तुमची सीट किती रुंद आहे?"

"सत्तावीस असेल."

"तेरासाठी सत्तावीस!" वकिलानं डोळे फिरवले. "अपूर्णांकात मांडू का?"

बाई हसल्या. खरंखुरं, पोटातून. स्वतःवर विनोद न करता आलेलं ते हसू त्यांना स्वतःलाच नवं होतं.

निघताना वकिलानं खळग्यांभोवती पेन्सिलीनं गोल काढून पुठ्ठा बाईंच्या हातात दिला. कागद मात्र दिला नाही. "हा माझ्याकडे राहू दे. माझ्या संग्रहात ठेवते."

परतताना बाई कचेरीवरून गेल्या. अर्ज पिशवीत होता, पण प्रत नव्हती, आणि प्रतीशिवाय तिथे कुणी हात लावत नव्हतं. पुन्हा कोण कार्बन घालून बसणार, असं म्हणून त्या पुढे गेल्या. पायी. सायकल हातात धरून.

पुढच्या चौकात एक सायकल-मिस्त्री बसायचा. पत्र्याची टपरी, दोन पाने, हवेचा पंप, आणि दिवसाला दहा शब्द. बाईंनी त्याच्यापुढे पुठ्ठा धरला.

"तेरा सेंटिमीटर."

मिस्त्रीनं हात पुसले, पुठ्ठा उजेडात धरला. "कुणी काढलं?"

"माझ्या विद्यार्थिनीनं."

"चोख काढलंय." त्यानं सायकलवरची ती चार थरांची गादी दोन बोटांत उचलून पाहिली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि बाजूला ठेवली. "वजन किती?"

बाईंच्या तोंडावर विनोद तयार होता. पण मिस्त्री वर पाहतच नव्हता. तो सीटखालच्या सळ्या चाचपत होता. टायर किती नंबरचा, हे विचारावं तसं त्यानं विचारलं होतं.

"एकशे बारा किलो," बाई म्हणाल्या. हा आकडा त्यांनी आजवर नवऱ्यालाही खरा सांगितला नव्हता. दहा कमी करून सांगत.

"मग सळ्या पोलादी हव्यात. आणि मागच्या चाकात हवा जास्त ठेवा. एवढ्या हवेत तुम्ही जवळजवळ सपाट चाकावर फिरताय."

झालं. एवढंच. एकशे बारा या आकड्याचा अर्थ पोलादी सळ्या आणि थोडी जास्त हवा.

त्यानं मागच्या खोक्यातून एक जुनी सीट काढली. कडक, चामड्याची, सोळा सेंटिमीटर रुंद, मध्ये लांबट खाच. बाईंना ती लहान मुलाची वाटली. "यावर? मी?"

"वजन हाडांवर बसायला हवं, मांसावर नाही. मऊ सीटमध्ये हाडं बुडतात आणि मधला भाग वर येऊन टोचतो. इथे मधे टोचायला काही नाहीच." त्यानं पातळी दाखवणारं बुडबुड्याचं नळकांडं ठेवून सीट सपाट केली, बोटभर उंच केली. "पहिले दहा दिवस हाडं दुखतील. ते दुखणं सरतं. नाही सरलं तर परत या, कोन बदलू."

बाई बसल्या. कडक होतं. पण एका वर्षात पहिल्यांदाच, जिथे दुखत होतं तिथे काहीच लागत नव्हतं.

घरी नवऱ्यानं पुठ्ठा पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "अगं, दोन बिंदूंमधलं अंतर! हे तर आमच्याच धंद्यातलं. आणि मी मूर्ख शिवत बसलो."

"शिवलंत म्हणून तर एवढे दिवस गेले," बाई म्हणाल्या. ते खोटं होतं, आणि खरंही होतं.

हाडं दहा नाही, चौदा दिवस दुखली. मिस्त्रीनं दोनदा कोन बदलला. मध्ये एकदा बाईंचा धीर सुटला, त्या पायीच निघाल्या आणि तासभर उशिरा पोचल्या. पण पंधराव्या दिवशी त्या वकिलाच्या घरी आल्या, आत्यानं पुसून ठेवलेली खुर्ची ओढली आणि बसल्या. पूर्ण वजन टाकून.

वकिलानं आपली खुर्ची चाकं फिरवून बाईंच्या खुर्चीला भिडवली आणि वही उघडली.

त्या चार महिन्यांत त्यांनी अपूर्णांक संपवले, नकाशे संपवले, आणि परीक्षेत येणार नाही अशाही कितीतरी गोष्टी केल्या, कारण वेळ होता. बाई अंधार पडेपर्यंत बसत. आत्या म्हणे, "बाई, आता राहायलाच या."

निकाल लागला. वकील पास झाली, आणि गणितात तर पहिल्या पाचांत आली. पुढच्या सोमवारपासून शाळेची गाडी येणार होती. बाबांनी कारखान्यातून अर्धा दिवस रजा काढली आणि बाईंच्या सायकलची साखळी, न विचारता, पुसून तेल घालून दिली. त्यांना बोलता येत नसे फारसं.

शेवटच्या दिवशी वकिलानं वहीतून एक घडी केलेला कागद काढला. "हा तुमचा. आता लागणार नाही मला."

बाईंनी घडी उघडली. दोन कोरे लंबगोल. उलटं केलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव...'

"वाचलं होतंस?"

"त्याच दिवशी. लक्ष देऊ नकोस म्हटल्यावर कोण वाचणार नाही?"

"मग काही बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही लाजेखातर आला असतात. तशाच दुखत. म्हणून पुरावा जप्त केला." वकील आपल्या चाकाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत होती. "प्रतीशिवाय अर्ज घेत नाहीत, हे तुम्हीच मला अर्जलेखनात शिकवलंत."

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. आत्यानं चहा आणला, तो सगळ्यांनी मिळून प्यायला.

सोमवारी कालव्याच्या रस्त्यावर बाई गेल्या नाहीत. कचेरीनं नवं घर दिलं होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, सात किलोमीटरवर. सायकल कुंपणाला टेकवून त्या आत गेल्या. पलंगावर एक मूल भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. त्याची आई संकोचून म्हणाली, "बोलत नाही हो तो कुणाशी. तुम्ही उगाच वेळ घालवू नका, लांबून आलात."

खोलीच्या कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची होती. बाईंनी ती उचलून पलंगाजवळ आणली, पिशवी खाली ठेवली, आणि बसल्या.

"मला घाई नाही," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून एक नाणं, एक पेन्सिल आणि एक पातळ कागद काढला.